मागच्या दाराने लोणावळा

बाबांचा लोणावळ्यावर एक जुना राग होता. लोणावळा पर्वतीपेक्षा बुटका आहे, हा तो राग. पर्वतीचा माथा समुद्रसपाटीपासून 2,100 फूट आणि रेल्वेच्या जुन्या नोंदीप्रमाणे लोणावळ्याची उंची 2,027 फूट. हे दोन आकडे त्यांना पाढ्यासारखे पाठ होते. सुट्टीत कुणी लोणावळ्याचं नाव काढलं की ते म्हणायचे, ‘‘म्हणजे त्र्याहत्तर फूट खाली उतरायचं, त्यासाठी तिकीट काढायचं आणि वर त्याला थंड हवेचं ठिकाण म्हणायचं!’’ स्वतः रोज सकाळी पर्वतीच्या 103 पायऱ्या चढून यायचे. त्यामुळे आपण रोज फुकटात हिल स्टेशनला जाऊन येतो, अशी त्यांची समजूत होती.

तरी वर्षातून एकदा ते आम्हाला लोणावळ्याला न्यायचेच. लोकलने. पुणे–लोणावळा लोकल 1978 साली सुरू झाली आणि माझ्या आठवणीतला लोणावळा त्यानंतरचाच आहे. आम्ही नारायण पेठेतले, त्यामुळे शिवाजीनगरहून बसायचो. आईच्या पिशवीत पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि पाण्याचा थर्मास. खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, इथवर डब्यात कामाची माणसं. देहूरोडनंतर डबा मोकळा व्हायचा आणि आम्हा भावंडांना एकेक खिडकी मिळायची. बेगडेवाडी आणि घोरावाडी ही नावं आम्ही यमक जुळतं म्हणून खिडकीतून ओरडायचो. मग तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत. मळवलीला डाव्या हाताला लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी उभे दिसायचे आणि पाठीवर सॅक घेतलेली मुलं धडाधड उतरायची. त्यानंतर लोणावळा. सगळे उतरायचे, म्हणून आपणही उतरायचं.

बस, एवढंच. 64 किलोमीटर गाडी धावते आणि या सगळ्या प्रवासात चढते जेमतेम दोनशे फूट. कुठे वळण नाही, बोगदा नाही. इंजिनाला धाप लागल्याचा आवाज नाही. खिडकीबाहेर भाताची खाचरं तशीच मागे पडत राहतात आणि एका स्टेशनावर गाडी पुढे जायची थांबते. शाळेत निबंधात ‘हळूहळू आमची गाडी डोंगर चढू लागली’ असं मी लिहिलं होतं. बाबांनी ते वाचून लाल पेनाने विचारलं होतं, ‘कुठला डोंगर?’

पावसाळ्यात मात्र थोडं वेगळं होतं. पुण्यात वर्षभरात 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि लोणावळ्यात 4,000 च्या वर. या दोन आकड्यांमधलं अंतर लोकल दीड तासात कापते. शिवाजीनगरला फलाट कोरडा, लोक छत्र्या काखेत धरून उभे. तळेगावला बारीक भुरभुर. कामशेतला खिडक्या खाली ओढायची घाई, त्यातली एक हमखास अडकलेली, आणि त्या खिडकीशी बसलेला माणूस उठून दारात जाऊन उभा. मळवलीला लोहगड गायब. लोणावळ्याला फलाटावर उतरलं की पत्र्यावर असा आवाज, की शेजारच्याशी बोलायलाही ओरडावं लागावं. पुण्याहून येणाऱ्याला लोणावळा उंचीने कळत नाही, पावसाने कळतो. मे महिन्यात गेलात तर तोही नाही.

आईला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. ती कल्याणची. तिच्या लेखी लोणावळा म्हणजे घाटाचा माथा. तिथे पोचायचं तर आधी कर्जत लागतं, कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागतात, मग बोगदे, दऱ्या, पुन्हा बोगदे, आणि मग कुठे लोणावळा. ‘‘तुम्ही पुण्याची माणसं लोणावळ्यात मागच्या दाराने शिरता,’’ असं ती म्हणायची, ‘‘आणि मग म्हणता, घरात काही बघण्यासारखं नाही.’’

यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं: इंद्रायणी. लोणावळ्याचं तोंड मुंबईकडे असेल तर तिथे उगम पावणारी इंद्रायणी कुठे जाते? देहूला आणि आळंदीला जाते. पाणी ज्या बाजूला वाहतं ते पुढचं दार. आईही काही कमी नव्हती. ती म्हणायची, मग वळवणच्या धरणाचं पाणी कुठे जातं? ते बोगद्यांतून आणि नळांतून खाली खोपोलीला जातं. 1915 पासून तिथल्या वीजघरातून मुंबईला वीज जाते. आजोबा कापडगिरणीत होते, त्यामुळे हा मुद्दा तिच्या माहेरचा होता. एका गावाचं पाणी दोन्ही दारांनी बाहेर पडतं, हे त्या वादातून मला फार लहानपणी समजलं. भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक हा शब्द त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला.

दिशांच्या बाबतीत रेल्वेचं तर वेगळंच शास्त्र आहे. मुंबईकडे जाणारी गाडी ती अप आणि मुंबईहून येणारी ती डाउन. म्हणजे घाट उतरणारी गाडी अप आणि घाट चढणारी डाउन! आमच्या घरातही असाच उलटा हिशेब चालायचा. कल्याणकडचे लोक आईबद्दल ‘मुलगी घाटावर दिली’ म्हणायचे, त्या सुरात ती चंद्रावर दिल्याचा भाव असायचा. आणि नारायण पेठेतली आत्या ‘ती खालची’ म्हणायची, त्या सुरात काय असायचं ते सांगायला नको. आईने दोन्हीकडच्यांना पुरून उरेल असं एक वाक्य केलं होतं. ‘‘माहेरी जाताना गाडीला ब्रेक लावावे लागतात,’’ ती म्हणायची, ‘‘आणि सासरी येताना मागून ढकलावं लागतं.’’ यात तिने पदरचं काही घातलेलं नाही. भोर घाटात उतरणीला ब्रेक जपावे लागतात आणि चढणीला कर्जतहून मागे जादा इंजिनं जोडावी लागतात.

बाबा गेले त्याला यंदा चार वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी आई एकदम म्हणाली, ‘‘मला एकदा पुढच्या दाराने लोणावळ्याला जायचंय.’’

मी म्हटलं, गाडी करू. ती म्हणाली, गाडीने नाही, आगगाडीने. आणि कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘बोगदे मोजायचेत.’’

बोगद्यांचा वाद हा आमच्या घरातला सगळ्यात जुना चालू वाद आहे. 1973 च्या मे महिन्यात आईचं लग्न झालं आणि वऱ्हाड दिवसाच्या गाडीने पुण्याला निघालं. पाठराखणीला म्हणून धाकटा मामा बरोबर होता, दहा वर्षांचा. बहिणीचं मन रमावं म्हणून त्याने बोगदे मोजायचा खेळ काढला. आई सांगते, ‘‘बोगद्यात रडून घ्यायचं आणि बाहेर उजेड आला की आकडा म्हणायचा.’’ लोणावळा आलं तेव्हा तिचे चोवीस झाले होते आणि मामाचे सव्वीस. मामाचं म्हणणं, दोन बोगदे ताईने रडण्यात घालवले. ताईचं म्हणणं, दोन ठिकाणी नुसती कमान होती, ती यानं बोगदा म्हणून धरली. आणि या गडबडीत बाबांनी लोणावळ्याच्या फलाटावरून चहा आणून नव्या बायकोच्या हातात दिला आणि लग्नानंतरचं पहिलं वाक्य बोलले: ‘‘हे पर्वतीपेक्षा बुटकं आहे, माहीत आहे का?’’

शिवाजीनगरच्या खिडकीवर मी तिकिटं मागितली. सिंहगड एक्सप्रेसने कर्जत आणि तिथून परत लोणावळा. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘‘ही गाडी लोणावळ्याला थांबते.’’ मी म्हटलं, माहीत आहे. ‘‘मग तिथेच उतरा की. खाली जाऊन परत वर कशाला येताय?’’ मागच्या रांगेतल्या एका काकांनी उत्तर दिलं, ‘‘असेल काहीतरी नवस.’’

जाताना आई खिडकीशी बसून डोळे मिटून होती. उतरताना मोजायचं नाही, असं तिचं ठरलेलं. लोणावळा आलं, गेलं. खंडाळ्यानंतर गाडी जपून पावलं टाकू लागली आणि डब्यात तो ओळखीचा वास आला, तापलेल्या ब्रेकचा. मंकी हिलला गाडी थांबली. तिथे कुणी चढत नाही, उतरत नाही. उतारावरची गाडी काबूत आहे हे दाखवायला आधी उभी राहते आणि मग तिला पुढची वाट मिळते. काबूत नसेल तर बाजूला एक चढाची लाइन काढून ठेवलेली असते. सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन दमावी, अशी योजना. आई डोळे मिटूनच म्हणाली, ‘‘बघ, माहेरी जाताना सुद्धा विचारतात, नक्की जायचंय ना.’’

कर्जतला दार उघडलं आणि अंगावर ओला पंचा टाकावा तशी हवा आली. दहा मिनिटांत माझी ओढणी मानेला चिकटली. आई मात्र खुशीत. ‘‘हं, ही आमची हवा,’’ म्हणाली. वडापाव खाल्ला, पाणी प्यायलो, आणि मुंबईहून येणाऱ्या गाडीची वाट बघत फलाटावरच्या बाकावर बसलो.

तिथे मी तिला अ‍ॅलिस ट्रेडवेलची गोष्ट सांगितली. भोर घाटातल्या या रेल्वेचं कंत्राट 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराकडे आलं. तो इथे आला आणि थोड्याच दिवसांत आजारपणात गेला. त्याची बायको अ‍ॅलिस विलायतेला परत गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती. तिने कंत्राट स्वतःच्या अंगावर घेतलं, जाणते इंजिनिअर हाताशी धरले आणि घाट पुरा करवून घेतला. 1863 मध्ये इथून गाडी वर गेली. पंचवीस किलोमीटरच्या आसपास लांबी, 1,831 फुटांची चढण, आणि सगळ्यात तीव्र जागी दर 37 फुटांना एक फूट. हजारो माणसं इथे पटकीने, तापाने आणि सुरुंगांनी मेली. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘हिशेब येत असणार तिला.’’ बाबा गेल्यावर पहिल्या महिन्यात आईने सगळी पासबुकं जेवणाच्या टेबलावर पसरली होती आणि मला हात लावू दिला नव्हता, ते मला आठवलं. मी काही बोलले नाही.

तेवढ्यात एक बाई आली. नेसण गुडघ्यापर्यंत, डोक्यावर टोपली, टोपलीत करवंदं आणि वर झाकायला ओला पाला. पळसाच्या पानांचे द्रोण काड्यांनी टोचलेले. आईने दोन द्रोण घेतले, भाव केला नाही. हे मी माझ्या उभ्या आयुष्यात प्रथम पाहिलं. करवंदं सकाळीच तोडलेली असावीत, देठाशी पांढऱ्या चिकाचा थेंब अजून ओला होता. बोटाला लागला की निघता निघत नाही, बोटं एकमेकांना धरून ठेवतात. वरून काळीभोर, आणि दाताखाली फुटली की आत काय रंग निघेल ते सांगता येत नाही. लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आणि मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आणि आम्ही दोघी कर्जतच्या फलाटावर जीभ बाहेर काढून कोंबडा की कोंबडी ते एकमेकींना दाखवत होतो.

गाडी आली. दरीच्या बाजूची खिडकी मिळाली, त्यासाठी आईने आपल्या वयाचा पुरेपूर वापर केला. मागे कुठेतरी इंजिनं लागली. ती दिसत नाहीत. एकदा मागून हलकीशी ढुशी बसते, बाकावरची बाटली थरथरते आणि गाडी निघते. पुढून ओढ लागलेली असते आणि मागून रेटा. डब्यातल्या माणसाला पाठीच्या कण्यात हे समजतं. लोकलमध्ये हे कधीच होत नाही. वंदे भारतलाही मागून इंजिन लागत नाही, ती आपल्या जोरावर घाट चढते. आईला ते फारसं पटलेलं नाही. ‘‘कुणीच ढकललं नाही तर चढलो असं कसं वाटणार,’’ असं तिचं मत.

मोजणीसाठी आईने पद्धत ठरवून आणली होती. आकडा तोंडाने म्हणायचा नाही, कारण मन कुठेतरी जातं आणि आकडा सांडतो. प्रत्येक बोगद्याला द्रोणातलं एक करवंद उचलून डब्याच्या झाकणात टाकायचं. लोणावळ्याला झाकण मोजायचं. झाकण आमच्या दोघींच्या मधे ठेवलं.

पळसदरी गेलं आणि पहिला बोगदा आला. टप्. मग उजेड, करपलेलं गवत, एक कोरडा ओढा, पुन्हा अंधार. टप्. जांबरुंग, ठाकूरवाडी. घोड्याच्या चालीने चाललेली गाडी. बोगद्यात शिरताना पोरं ओरडतात, ते आईच्या वेळीही ओरडायची म्हणे. आतल्या दगडाचा गार, ओलसर वास खिडकीतून आत येतो, बाहेर भर मे महिना असला तरी. मग एका वळणावर दरी उघडली. समोर राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले, आणि त्यांच्या डोक्यावर त्या वर्षीचा पहिला काळसर ढग. खाली उल्हासचं खोरं धुरकट. आपण मघाशी जिथे घाम पुसत होतो ते कर्जत त्या धुराच्या तळाशी होतं. मला पहिल्यांदा जाणवलं, आपण चढलोय. लोणावळा ‘वर’ आहे हे मी पन्नास वर्षं ऐकत होते आणि एकदाही मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

आई दरीकडे बघत नव्हती. ती बोगद्याची वाट बघत होती. अंधार झाला की तिचा हात अचूक द्रोणाकडे जायचा. एका लांबलचक बोगद्यात मला वाटलं, तिने पदराने डोळे टिपले. बाहेर आलो तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता आणि ती झाकणात करवंद टाकत होती. मी विचारलं नाही. पूर्वी खंडाळ्याच्या अलीकडे गाडी एका टोकाला जाऊन अडायची, इंजिन सोडून दुसऱ्या तोंडाला लावायचं आणि गाडी उलट्या अंगाने वर जायची, असं तिचे आजोबा सांगत. 1929 मध्ये नवा मार्ग झाला आणि ते बंद पडलं. ‘‘बरं झालं,’’ आई म्हणाली. ‘‘तोंड फिरवून परत खाली चाललोय असं वाटलं असतं नवरीला.’’

खंडाळ्याच्या आसपास ओढणी मानेपासून सुटी झाली. कधी सुटली ते कळलं नाही. खिडकीतून वारा येतच होता, पण आता त्यात चिकटपणा नव्हता. हात लावून पाहिला तर मान कोरडी. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, ‘‘वाळला का घाम? मग आलंच लोणावळा.’’ इतक्या वर्षांत लोकलने येताना मी लोणावळ्याला पुण्याचीच हवा अंगावर घेऊन उतरत होते. बाबांना तिथली हवा कधी गार लागली नाही, यात त्यांची तरी काय चूक!

लोणावळ्याला गाडी थांबली. फलाटावर चिक्कीवाले, खांद्यावर झोपलेली मुलं घेतलेले बाप, भुशी धरणाचा रस्ता विचारणारी कॉलेजची टोळी. ते धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधलं होतं. घाट चढून आलेल्या इंजिनांना पाणी लागायचं. आता शनिवार-रविवारी त्याच्या पायऱ्यांवर बसायला एवढी गर्दी होते की पाण्यालाच वाट काढत उतरावं लागतं. मी त्या बाजूला जायचं सोडून दिलंय.

आम्ही उतरलो. गाडी पुण्याला निघून गेली. मी दोन चहा आणले. आई पिवळ्या पाटीखाली उभी राहून, चष्मा वर-खाली करत, तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची वाचत होती. मीटरचे फूट करायला तिला जरा वेळ लागला. मग तिने चहा हातात घेतला.

‘‘अजून बुटकंच आहे,’’ ती म्हणाली.

मग तिने मामाला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. झाकण बाकावर ठेवून एकेक करवंद बाजूला करत मोजलं. एकवीस. पुन्हा मोजलं. एकवीसच. मग तिची नजर माझ्याकडे वळली. मी दरी बघत होते, अंधारात हात जाईल तिथे जात होता, आणि द्रोण कुठला नि झाकण कुठलं हे हाताला काय कळणार?

‘‘जीभ दाखव,’’ आई म्हणाली. मी दाखवली. जांभळी होती.

‘‘किती झाले ताई?’’ फोनमधून मामा.

‘‘एकवीस. आणि हिने खाल्लेले वेगळे.’’

पलीकडे क्षणभर शांतता.

‘‘पाच,’’ मामा म्हणाला. ‘‘पाच खाल्लेत तिने.’’

‘‘तीन!’’ आई म्हणाली.